चार खणांचा चतुष्फलकी पतंग: बांधणी आणि उड्डाण

साधा सपाट पतंग दुप्पट मोठा करायचा ठरवला, तर त्याच्या कागदाचे क्षेत्रफळ चौपट होते. पण काड्यांची लांबी, रुंदी आणि जाडी ही तिन्ही मापे दुप्पट केल्याने सांगाड्याचे वजन मात्र आठपट वाढते. याचा अर्थ असा की, पतंग जितका मोठा होत जाईल तितका तो स्वतःच्या क्षेत्रफळाच्या मानाने जड होत जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी सायमन न्यूकॉम्ब या खगोलशास्त्रज्ञाने नेमक्या याच गणिताच्या आधारे, माणसाला उचलून नेईल असे यंत्र बांधणे व्यवहार्य नाही, असे मत मांडले होते. टेलिफोनसाठी प्रसिद्ध असलेल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी या अडचणीतून काढलेली वाट अतिशय साधी होती: मोठा पतंग एकसंध बांधायचाच नाही, तर लहान लहान खण कोपऱ्याला कोपरा जोडून त्याची रचना करायची. चार खण जोडले की क्षेत्रफळ चौपट होते आणि वजनही चौपटच होते, त्यामुळे दोघांचे प्रमाण ढळत नाही.

बेल यांच्या आधी लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी १८९३ मध्ये ऑस्ट्रेलियात पेटीच्या आकाराचा पतंग तयार केला होता आणि पुढच्याच वर्षी अशा चार पतंगांच्या मालिकेने ते स्वतः जमिनीपासून सुमारे ५ मीटर उंच उचलले गेले होते. पेटीचा पतंग उत्तम उडतो, यात शंका नाही. परंतु चौकोन हा आकार मुळात डळमळीत असल्याने त्याला आतून आडव्या-तिरप्या काड्यांचे आधार द्यावे लागतात आणि ते आधार वजन वाढवतात, शिवाय हवेलाही अडथळा करतात. त्रिकोणाला अशा आधाराची गरज नसते. तीन काड्या टोकांशी बांधल्या की त्यांचे कोन बदलूच शकत नाहीत. चार त्रिकोणी बाजूंचा चतुष्फलक हा आकार म्हणूनच सर्व दिशांनी ताठ राहतो. पहिल्यांदा बहुखणी पतंग बांधणाऱ्याने पेटीपेक्षा चतुष्फलकापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण यात लागणारी प्रत्येक काडी एकाच मापाची असते आणि प्रत्येक खण हुबेहूब दुसऱ्यासारखा असतो. या लेखात २० सेंटिमीटर बाजूच्या चार खणांचा, म्हणजे एकंदर ४० सेंटिमीटर बाजूचा पतंग बांधला आहे.

साहित्य

एका खणाला सहा काड्या लागतात, म्हणजे चार खणांना २४. काड्या म्हणून सुमारे ६ मिलिमीटर व्यासाच्या स्ट्रॉच्या सरळ नळ्या सोयीच्या पडतात, कारण त्यांतून दोरा ओवता येतो आणि कोपरे बांधणे सोपे जाते. वाकणाऱ्या मानेच्या नळ्या घेतल्यास मानेचा भाग कापून टाकावा. तो ठेवला तर तिथेच काडी मुडपते. कागदाच्या नळ्याही चालतात, मात्र त्या जड असतात आणि दमट हवेत मऊ पडतात. बांबूच्या बारीक कामट्या अधिक टिकाऊ असल्या तरी त्यांचे सांधे दोऱ्याने गुंडाळून बांधावे लागतात आणि सगळ्या कामट्या एकाच जाडीच्या तासणे हे हाताला सवय असल्याशिवाय जमत नाही.

सर्व नळ्यांची लांबी सारखी असणे ही या पतंगाची मूळ अट आहे. त्यासाठी प्रत्येक नळी फूटपट्टीने वेगळी मोजू नये, कारण मोजमापातले छोटे फरक साठत जातात. पुठ्ठ्यावर २० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करून एका खुणेशी पुठ्ठ्याचाच एक तुकडा आडवा चिकटवावा, नळीचे टोक त्या आडव्या तुकड्याला टेकवावे आणि दुसऱ्या खुणेवर धारदार कात्रीने कापावे. एक-दोन मिलिमीटरचा फरक एका खणात जाणवत नाही. पण चार खण जोडताना सांधे जुळेनासे होतात आणि ते ओढून जुळवले की सांगाडा पिळला जातो.

कागद हलका हवा. एका समभुज त्रिकोणाचे क्षेत्रफळ सुमारे १७३ चौरस सेंटिमीटर भरते, प्रत्येक खणाच्या दोनच बाजू मढवायच्या असल्याने चार खणांना मिळून सुमारे ०.१४ चौरस मीटर कागद लागतो. दर चौरस मीटरला २० ग्रॅम वजनाचा पतंगी कागद वापरला, तर कडेच्या पट्ट्या सोडून त्याचे वजन ३ ग्रॅमपेक्षा कमी भरते. पतंगाचे खरे वजन नळ्या, दोरा आणि गोंद यांतच असते, म्हणून काटकसर करायची ती तिथे करावी. याखेरीज बारीक सुती दोरा, पांढरा गोंद किंवा घट्ट खळ, जाडसर पुठ्ठा आणि नळीतून दोरा ओढण्यासाठी टोकाला आकडा केलेली सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची बारीक तार एवढे जवळ असले की पुरे.

एक खण

चतुष्फलकाच्या प्रत्येक कोपऱ्यात तीन काड्या एकत्र येतात. तीन ही विषम संख्या असल्यामुळे एकच दोरा प्रत्येक नळीतून फक्त एकदा नेऊन सगळा खण पुरा करता येत नाही. एका नळीतून तो दोनदा न्यावा लागतो. हे आधी लक्षात घेतले, तर मध्येच दोरा तोडून नवा जोडण्याची वेळ येत नाही. प्रत्येक खणासाठी २ मीटर दोरा घ्यावा. त्याचे एक टोक सुमारे १५ सेंटिमीटर मोकळे ठेवून तीन नळ्या एकामागून एक ओवाव्यात, त्यांचा त्रिकोण करावा आणि निरगाठ मारावी. या त्रिकोणाचे कोपरे अ, ब आणि क मानू. गाठ अ कोपऱ्यावर आहे. आता दोऱ्याच्या लांब टोकात आणखी दोन नळ्या ओवून तो ब कोपऱ्याशी आणून बांधावा. त्यामुळे अ आणि ब यांना जोडणाऱ्या नळीच्या दुसऱ्या अंगाला आणखी एक त्रिकोण तयार होतो, त्याच्या नव्या कोपऱ्याला ड म्हणू. यानंतर दोरा ब आणि क यांच्यामधील आधीच ओवलेल्या नळीतून तारेच्या आकड्याने पुन्हा ओढून क कोपऱ्याशी बाहेर काढावा, त्यात सहावी नळी ओवावी आणि ती ड कोपऱ्यापर्यंत नेऊन घट्ट बांधावी.

पाच नळ्यांपर्यंत हे दोन त्रिकोण बिजागरीवर फिरल्यासारखे सैल हलत असतात. सहावी नळी जागेवर बसून दोरा ताणला गेला की सगळा आकार एकदम ताठ होतो. तो ताठ झाला नाही, तर कुठेतरी दोऱ्यात झोल राहिला आहे असे समजावे. अशा वेळी शेवटची गाठ सोडून दोरा नळ्यांमधून क्रमाने ओढत आणावा आणि नळ्यांची टोके कोपऱ्यात एकमेकांना टेकेपर्यंत ताणावा. फार जोर करू नये, कारण दोरा नळीची कड चिरतो आणि चिरलेली नळी वाऱ्यात तिथूनच फाटत जाते. गाठींजवळ उरलेली दोऱ्याची टोके कापू नयेत, खण जोडताना त्यांचा उपयोग होतो.

मढवणे

प्रत्येक खणाच्या चारपैकी दोन लगतच्या बाजूंवर कागद लावायचा असतो. या दोन बाजूंना समाईक असलेली नळी हा त्या खणाचा कणा. वर सांगितल्याप्रमाणे बांधलेल्या खणात अ आणि ब यांना जोडणारी नळी कणा मानावी. दोन बाजू मिळून उघडून धरलेल्या पुस्तकासारखा आकार होतो आणि पतंगाला स्थैर्य देतो तो हाच आकार: वाऱ्याच्या झोताने एक पंख खाली गेला की तो अधिक आडवा होतो, त्याला अधिक उचल मिळते आणि पतंग पुन्हा सरळ होतो. म्हणूनच या पतंगाला शेपूट लागत नाही.

पुठ्ठ्याचा नमुना एकदाच नीट करून ठेवावा. सर्व बाजू २० सेंटिमीटर आणि लहान कर्ण २० सेंटिमीटर असा समभुज चौकोन काढावा. त्याचा मोठा कर्ण सुमारे ३४.६ सेंटिमीटर भरला, तर आकृती बरोबर आहे. चारही बाहेरच्या कडांना अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या वाढवाव्यात आणि कोपऱ्यांत त्या तिरप्या छाटाव्यात, म्हणजे कोपऱ्यावरचा दोरा कागदाखाली दबणार नाही. पट्टीची ही रुंदी थोडी जास्त वाटेल, पण ६ मिलिमीटर व्यासाच्या नळीचा घेरच जवळपास १९ मिलिमीटर असतो. नळीभोवती वळसा घेऊन पट्टीला परत कागदाशी यायचे असते.

कागद लहान कर्णावर हलकेच दुमडून ती घडी कण्याच्या बाहेरच्या अंगावर बसवावी. नंतर एका कडेची पट्टी नळीवरून आत वळवावी आणि तिच्या शेवटच्या सात-आठ मिलिमीटर भागालाच गोंदाचा पातळ हात फिरवून ती कागदावर चिकटवावी. गोंद नळीला लावण्यात अर्थ नाही: प्लॅस्टिकला तो धरत नाही आणि वजन मात्र वाढते. पहिली कड बसली की लगेच तिच्या समोरची कड घ्यावी, मग उरलेल्या दोन. एकाच बाजूच्या कडा आधी पुऱ्या केल्या, तर कागद त्या अंगाला ओढला जाऊन दुसऱ्या पंखावर सुरकुत्या पडतात. कागद सपाट असावा, पण ढोलासारखा ताणलेला नसावा, कारण ओला गोंद वाळताना कागद आणखी आकसतो आणि जास्त ताणलेला कागद बारीक नळीला धनुष्यासारखी वाकवतो. पूर्ण वाळेपर्यंत खण हलवू नये.

जोडणी

जोडणी सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: चारही खणांचे कणे एकमेकांना समांतर आणि सर्व मढवलेल्या बाजू एकाच दिशेला हव्यात. चतुष्फलक कोणत्याही बाजूवर ठेवला तरी सारखाच दिसतो, त्यामुळे एखादा खण फिरून बसला तरी सांधे बिनचूक जुळतात आणि सांगाडा पाहून चूक लक्षात येत नाही. ती लक्षात येते ती मैदानावर, पतंग गरगर फिरू लागल्यावर.

प्रत्येक खण न मढवलेल्या बाजूवर टेबलावर असा बसवावा की त्याचा कणा आपल्या समोर येऊन खालून वर, आपल्यापासून दूर तिरका जाईल. एक खण पुढे आणि दोन खण त्याच्या मागे डावी-उजवीकडे ठेवावेत. तिघांचे तळाचे कोपरे एकमेकांना टेकले की टेबलावर तीन सांधे मिळतात. तिथे राखून ठेवलेल्या दोऱ्यांनी बांधावे. चौथा खण याच पद्धतीने धरून, त्याच्या तळाचे तीन कोपरे खालच्या तीन खणांच्या शेंड्यांवर ठेवून बांधला की एकूण सहा सांधे पुरे होतात. पुढच्या खणाचा कणा आणि वरच्या खणाचा कणा आता ४० सेंटिमीटरच्या एका सरळ रेषेत आले पाहिजेत. हा पतंगाचा मुख्य कणा. मध्यभागी जी मोकळी जागा उरते, ती तशीच राहू द्यावी. त्या पोकळीतून वारा मोकळा वाहतो.

पतंग दूर न्यायचा असेल, तर वरच्या खणाचे तीन सांधे निरगाठीऐवजी सुरगाठीने बांधावेत. हा पतंग घडी होत नाही, पण तीन गाठी सुटल्या की वरचा खण वेगळा करून नेता येतो.

कणी

कणी म्हणजे उडवण्याचा दोरा पतंगाला जोडण्यासाठी कण्यावर बांधलेला आखूड दोरा. ती बांधण्यासाठी सुमारे ६० सेंटिमीटर दोरा घ्यावा. त्याचे एक टोक मुख्य कण्याच्या वरच्या टोकाला आणि दुसरे टोक कण्याच्या मधल्या सांध्याला बांधावे. बांधताना दोरा त्या कोपऱ्यातल्या सर्व नळ्यांच्या दोऱ्यांभोवती फिरवावा, एकाच नळीभोवती बांधू नये. नाहीतर जोराच्या झोताने ती नळी कोपऱ्यातून ओढली जाते. दोन्ही गाठी मारून झाल्यावर मधला दोरा सुमारे ५० सेंटिमीटर राहील. त्यावर उडवण्याचा दोरा बांधण्यासाठी एक लहान कडी अशा फाशाने अडकवावी की फासा सैल केल्यावर ती सरकेल आणि ताणल्यावर जागच्या जागी राहील. सुरुवातीला दोन्ही पदर सारखे ठेवावेत, म्हणजे कडी कण्याच्या वरच्या चतुर्थांशासमोर येते.

पुढे वाऱ्याप्रमाणे ती एकेका सेंटिमीटरने सरकवायची. वरच्या टोकाकडे सरकवली की पतंग वाऱ्याला अधिक सपाट होतो आणि जोराच्या वाऱ्यात शांत राहतो. खाली सरकवली की तो वाऱ्याला अधिक उभा राहतो आणि मंद वाऱ्यात त्याला उचल मिळते. पतंग हाताला जोराने ओढतो पण वर चढत नाही, असे झाले तर कडी वर घ्यावी. तो फडफडत पुढे झुकतो आणि दोऱ्याला ताणच येत नाही, असे झाले तर खाली घ्यावी.

उड्डाण

हा पतंग सपाट पतंगापेक्षा जड असतो, म्हणून झुळकीवर तो उठत नाही. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, लहान झेंडा पूर्ण फडकत असेल, असा ताशी १५ ते २५ किलोमीटरचा वारा त्याला मानवतो. धूळ उडून मोठ्या फांद्या हलू लागल्या की थांबलेले बरे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगावरचा जोर चौपट होतो, आणि तो जोर सर्वांत आधी कोपऱ्यांतल्या दोऱ्यांना जाणवतो. या आकाराच्या पतंगाला ५ किलोपर्यंतचा ताण सोसणारा साधा सुती किंवा पॉलिस्टरचा दोरा पुरतो. काचेची पूड लावलेला मांजा, धातूची तार किंवा ओला दोरा कधीही वापरू नये. विजेच्या तारा, रहदारीचा रस्ता, विमानतळाचा परिसर आणि गडगडाटी ढग या चारही गोष्टी दूर असतील अशीच मोकळी जागा निवडावी. पतंग तारांत अडकलाच, तर तो काढण्याचा प्रयत्न न करता सोडून द्यावा. झाडे आणि इमारतींच्या आडोशाला वारा भोवरे घेत वाहतो, तिथे चांगला बांधलेला पतंगही गोता खातो.

हा पतंग उडवण्यासाठी धावावे लागत नाही. उडवणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि सोबत्याने पतंग घेऊन वाऱ्याच्या दिशेने २० ते ३० मीटर पुढे जावे. पतंगाचा शेंडा वर आणि कणा उडवणाऱ्याकडे असावा. सोबत्याने तो मागच्या दोन खणांच्या नळ्यांना धरावा, कागदाला नव्हे. दोरा ताठ झाला आणि पतंग हातातच उचलल्यासारखा वाटू लागला की त्याने तो नुसता सोडायचा, वर फेकायचा नाही. उडवणाऱ्याने त्याच क्षणी हात-दोन हात दोरा ओढून घ्यावा. पतंग वर चढू लागल्यावर मगच थोडी थोडी ढील द्यावी, पण दोऱ्यातला ताण कधीही पूर्ण जाऊ देऊ नये.

पतंग सतत एकाच बाजूला झुकत असेल, तर आधी खणांची दिशा पुन्हा तपासावी, मग कण्याच्या दोन्ही बाजूंचा कागद सारखा ताणलेला आहे का ते पाहावे. दोन्ही ठीक असतील, तर तो ज्या बाजूला झुकतो तिच्या विरुद्ध टोकाला कागदाची लहान पट्टी बांधून तोल साधावा. गिरक्या घेत खाली येऊ लागल्यास दोरा ओढू नये: ओढल्याने त्याचा वेग वाढतो. लगेच ढील दिली, तर बहुतेक वेळा तो स्वतःला सावरतो, निदान जमिनीवर हळू टेकतो. उतरवतानाही वारा वाढलेला असेल, तर दोरा गुंडाळत पतंगाकडे चालत जावे, म्हणजे त्याला जाणवणारा वारा कमी होतो. ६ डिसेंबर १९०७ रोजी बेल यांचा ३३९३ खणांचा ‘सिग्नेट’ हा पतंग आगबोटीने ओढला जात असताना लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज यांना घेऊन सुमारे ५१ मीटर उंच गेला, सात मिनिटे हवेत राहिला आणि सावकाश पाण्यावर उतरलाही; पण ओढणारा दोर वेळेवर सोडला गेला नाही आणि तो प्रचंड पतंग पाण्यातून फरफटत जाऊन मोडला. सेल्फ्रिज सुखरूप राहिले.

मोठा पतंग

चार खणांचा पतंग नीट उडू लागला की दोन वाटांनी तो वाढवता येतो. एक म्हणजे खाली आणखी एक थर देऊन १, ३ आणि ६ अशा दहा खणांचा पतंग करणे. त्याला ६० नळ्या लागतात आणि मुख्य कणा ६० सेंटिमीटरचा होतो. दुसरी वाट म्हणजे चार खणांचे चार पतंग हे जणू मोठे खण आहेत असे मानून ते पूर्वीच्याच पद्धतीने जोडणे. यात १६ खण आणि ९६ नळ्या होतात, आणि मध्ये पहिल्यापेक्षा मोठी पोकळी राहते. मला पहिली वाट अधिक पसंत आहे, कारण तिच्यात सांधे जवळजवळ येतात आणि सांगाडा कमी लवतो.

दोन्हींमध्ये खणाचे माप २० सेंटिमीटरच ठेवावे. नळी दुप्पट लांब केली, तर दाबाखाली वाकून मोडण्याला विरोध करण्याची तिची ताकद चौथ्या हिश्शावर येते, त्यामुळे लांब नळ्यांचे थोडे खण करण्यापेक्षा आखूड नळ्यांचे पुष्कळ खण केव्हाही चांगले. क्षेत्रफळ आणि वजन यांचे प्रमाण खण वाढवूनही तेच राहते, हे खरे. परंतु सगळ्या खणांवरचा वाऱ्याचा जोर अखेर कणीजवळच्या मोजक्या सांध्यांवर एकवटतो. म्हणून दहा खणांच्या पतंगात मुख्य कण्याच्या तिन्ही नळ्यांमधून बांबूची एक सलग बारीक कामटी घालावी, कणीची खालची गाठ वरून दुसऱ्या खणाच्या तळाशी आणावी, आणि उडवण्याचा दोरा १० किलो ताणाचा घेऊन हातात मोजे घालावेत.